पदवीधर खेळाडूची पात्रता : सातारा-सांगलीच्या महाविद्यालयीन इतिहासातील एक प्रश्न

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा इतिहास आपल्याकडे बहुधा ढाली, करंडक आणि विजयी संघांच्या नामावळी यांच्या रूपाने लिहिला जातो. त्या नामावळीतील प्रत्येक नावामागे एक कागद असतो. अमुक इसम हा या संस्थेचा खरा व नियमित विद्यार्थी आहे, असे प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी सांगणारा तो कागद नसेल, तर उत्तमांतला उत्तम खेळाडूही मैदानाच्या कडेला उभा राहतो. प्रस्तुत निबंधाचा विषय तो कागद हा आहे. आणि त्यातही, पदवी घेऊन एक संस्था सोडलेला व पुढील अभ्यासासाठी दुसऱ्या संस्थेत नाव घातलेला जो विद्यार्थी, त्याच्या बाबतीत त्या कागदाने काय म्हणावे, हा आहे.

अमेरिकेत या प्रश्नाने गेल्या दोन दशकांत केवढे रूप धारण केले ते पुढे येईलच. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही; म्हणून तो प्रश्न आपल्याकडे नव्हताच, असे मात्र समजू नये. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तर तो येथे निराळ्या आणि माझ्या मते अधिक उद्बोधक स्वरूपात उपस्थित झालेला आढळतो. अमेरिकेत विद्यापीठे जागच्या जागी राहिली आणि खेळाडू हलले. येथे विद्यार्थी एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेला असता त्याचे विद्यापीठ बदलले, आणि असे एकाहून अधिक वेळा घडले.

प्रस्तुत लेखकाचे मूळ क्षेत्र भाषाशास्त्र. त्यामुळे आरंभ शब्दांपासून करण्याची मोकळीक वाचक देतील अशी आशा आहे. 'पात्र' हा शब्द संस्कृत 'पा' म्हणजे पिणे या धातूपासून आला. पिण्याचे भांडे हा त्याचा मूळ अर्थ. भांड्यात काही घालावयाचे तर ते भांडे त्या वस्तूस योग्य हवे, या कल्पनेतून 'दान घेण्यास योग्य व्यक्ती' हा अर्थ निघाला. 'सत्पात्री दान' हा प्रयोग मराठीत अद्याप रूढ आहे. पुढे हा शब्द बक्षिसास पात्र, शिक्षेस पात्र असा दोन्ही दिशांना पसरला. म्हणजे मराठीत 'पात्रता' म्हटले की घेणाऱ्याच्या अंगचा गुण अभिप्रेत असतो. क्रीडानियमांतील इंग्रजी शब्द 'एलिजिबल' हा लॅटिनमधील निवडणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. त्यात निवडणाऱ्याचा अधिकार मुख्य आहे. आपल्या विद्यापीठांनी त्याला 'पात्रता' हा प्रतिशब्द योजला तेव्हा नकळत दृष्टिकोनही बदलला. 'तू अपात्र आहेस' हे वाक्य मराठी मुलाच्या कानाला जितके लागते तितके मूळ इंग्रजी वाक्य इंग्रजी मुलास लागत नसावे.

याहून गमतीचा इतिहास 'बोनाफाईड' या शब्दाचा. मूळ लॅटिन पदसमूहाचा अर्थ 'सद्भावाने', 'निष्कपटपणे'. इंग्रजी कायद्याच्या भाषेत तो विशेषणासारखा वापरला जाऊ लागला. आपल्या महाविद्यालयांच्या कचेऱ्यांत त्याचे चक्क नाम झाले, आणि तेही नपुंसकलिंगी. "बोनाफाईड काढले का?", "माझे बोनाफाईड अजून मिळाले नाही" ही वाक्ये सातारच्या किंवा सांगलीच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या खिडकीशी जून-जुलै महिन्यांत ऐकावीत. सद्भाव ही मनाची अवस्था आहे. ती खिडकीवर शुल्क भरून काढता येत नाही. परंतु नियमाला मनाची अवस्था तपासता येत नसल्यामुळे त्याला कागदावर समाधान मानावे लागते, हे मराठी बोलीने अचूक हेरले आहे.

तिसरा शब्द 'टर्म'. टर्म भरणे, टर्म जाणे, टर्म नाकारणे हे वाक्प्रयोग आणि त्यांच्यापासून निघालेली 'एटीकेटी' हे सारे मुंबई विद्यापीठाने इंग्लंडातून उचललेल्या पद्धतीचे अवशेष होत. त्या पद्धतीत विद्यार्थ्याने नुसती परीक्षा देऊन भागत नसे. ठराविक काळ महाविद्यालयात हजर राहून 'टर्म' पुरी केली असेल तरच परीक्षेस बसता येई. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. कारण अमेरिकेतील क्रीडासंघटनांना जो निर्बंध खेळासाठी स्वतंत्रपणे घालावा लागला, त्याचा बराचसा भाग आपल्याकडे परीक्षेच्या नियमातच अंतर्भूत होता.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे 'फुटबॉल' म्हणजे लंबगोल चेंडू हातांत घेऊन धावण्याचा खेळ; मिरजेत किंवा कोल्हापुरात पायांनी खेळला जाणारा फुटबॉल तो नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खेळाने तेथील महाविद्यालयांत इतके वेड निर्माण केले की आज या महाविद्यालयाकडून तर उद्या त्या महाविद्यालयाकडून खेळणारे फिरस्ते खेळाडू सर्रास दिसू लागले. इ. स. १८९६ मधील एक प्रकरण प्रसिद्ध आहे. पुढे मिशिगन विद्यापीठाचा शिक्षक म्हणून नावाजलेला फील्डिंग योस्ट हा त्या वेळी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने लाफायेट महाविद्यालयात नाव घातले, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात भाग घेतला, लाफायेटने तो सामना जिंकला आणि योस्ट लौकरच आपल्या मूळ विद्यापीठात कायदा शिकावयास परतला. नाव घातले होते, त्यामुळे कागदोपत्री तो विद्यार्थीच होता. नियमाला हरकत घ्यावयाची तर ती कशावर, हा पेच त्यातून उभा राहिला.

उत्तर दिले गेले ते काळाच्या परिमाणात. मध्यपश्चिमेकडील विद्यापीठांच्या संघटनेने १९०६ मध्ये तीन निर्बंध घातले : नव्या विद्यापीठात एक वर्ष वास्तव्य केल्याखेरीज खेळता येणार नाही, एकूण तीनच वर्षे खेळता येईल, आणि पदवीधराला मुळीच खेळता येणार नाही. शेवटचा निर्बंध आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा. पदवी मिळाली म्हणजे विद्यार्थिदशा, निदान मैदानापुरती, संपली अशी त्यामागील धारणा होती. पदवीनंतरही मनुष्य विद्यार्थी असू शकतो ही कल्पना तोवर तेथे रुजलेली नव्हती, असे नाही. पण खेळण्यासाठी पदवीनंतर रेंगाळणारा मनुष्य हा विद्यार्थी नव्हे, अशी शंका तिच्यावर मात करून गेली.

ही शंका पुढील शंभर वर्षांत कशी विरत गेली ती कथा लांब आहे. तिचे टप्पे तेवढे सांगतो. १९५० च्या दशकात राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी 'स्टूडंट-ॲथलीट' हा जोडशब्द प्रचारात आणला. जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू नये हा त्यामागील एक हेतू होता. शब्द घडविण्यामागे न्यायालयाचे भय असल्याचे इतके उघड उदाहरण भाषाभ्यासकास क्वचित मिळते. १९५६ मध्ये त्याच संघटनेने खेळाबद्दल शिष्यवृत्ती देण्यास मान्यता दिली. आणि २००६ मध्ये, म्हणजे पदवीधरांना दार बंद केल्याला बरोबर शंभर वर्षे होताना, पदवी पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास त्याला एक वर्ष न थांबता खेळू देणारा नियम संमत झाला. सभासद संस्थांनी तो १९०७ च्या नव्हे, २००७ च्या जानेवारीत फिरविला. तथापि विशेष सवलतीच्या वाटेने व्यवहार चालूच राहिला. रसेल विल्सन या खेळाडूने नॉर्थ कॅरोलायना स्टेटची पदवी घेऊन २०११ मध्ये विस्कॉन्सिनकडून खेळावे, जो बरो याने ओहायो स्टेटची पदवी घेऊन २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटला जावे व २०१९ च्या हंगामात राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून द्यावे, हे सर्व त्याच वाटेने. २०१८ च्या ऑक्टोबरात स्थलांतरेच्छू खेळाडूंची नोंदवही उघडली गेली, २०२१ मध्ये पदवी नसलेल्यालाही एकदा न थांबता जाण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये ही संख्येची मर्यादाही गेली. पदवीधराला दिलेली सवलत हे त्या भिंतीतले पहिले खिंडार होते, असे आज मागे वळून पाहता म्हणता येते.

या सर्व इतिहासात एक गोष्ट गृहीत आहे : विद्यार्थी हे चल पद आणि विद्यापीठ हे अचल पद. सातारा-सांगलीस हे गृहीतच लागू पडत नाही.

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये काढले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दोन जिल्ह्यांच्या मुलखातील मुलाला महाविद्यालय गाठायचे तर पुण्याचे फर्ग्युसन, कोल्हापूरचे राजाराम किंवा सांगलीचे विलिंग्डन अशी मोजकीच ठिकाणे होती. सातारा शहरात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले ते १९४७ च्या जूनमध्ये. त्याच वर्षी सांगलीस अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले, ज्यास १९५५ पासून वालचंद हे नाव मिळाले. कराडचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय १९५४ चे. ही सर्व सनावळी देण्याचे कारण एवढेच की खेळाडूचे 'स्थलांतर' ज्याला म्हणतात ते येथे आवडीचा प्रश्न नव्हता. गावात महाविद्यालय नाही म्हणून मुलगा जात असे. आणि पदवीनंतर कायदा, अध्यापनशास्त्र किंवा एम. ए.साठी बहुतेकांना पुन्हा एकदा बिछाना बांधावा लागे.

आता १९४७ च्या जूनमध्ये सांगलीस विलिंग्डन महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या कलाशाखेत नाव घातलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करावी. त्या काळी प्रथम वर्ष, इंटर, ज्युनिअर आणि सीनिअर अशा चार वर्षांनी बी. ए. होई. तो दाखल झाला तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुणे विद्यापीठाचा कायदा त्याच वर्षी फेब्रुवारीत झाला आणि पाठोपाठ या भागातील महाविद्यालये त्या विद्यापीठाकडे गेली. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याची उत्तर सातारा व दक्षिण सातारा अशी विभागणी झाली आणि सांगली हे दक्षिण साताऱ्याचे मुख्य ठिकाण ठरले. 'सांगली जिल्हा' हे नाव १९६० चे. हा विद्यार्थी १९५१ मध्ये पदवीधर झाला तेव्हा खोली तीच, मैदान तेच, जेवणाचा डबा येणारे घरही कदाचित तेच. परंतु संस्थान गेले, जिल्ह्याचे नाव बदलले आणि ज्या विद्यापीठाच्या रंगात तो खेळू शकला असता तेही बदलले. मुंबई विद्यापीठाचा संघ १९३५-३६ मध्ये सुरू झालेल्या रोहिंटन बारिया करंडकाच्या क्रिकेट स्पर्धेतील बलाढ्य संघ मानला जाई. त्या संघात जागा मिळण्याची आशा सांगलीच्या मुलाला कितपत होती हा भाग वेगळा. पण जी काही आशा होती ती एका कायद्याने पुण्याकडे वळविली. बदली मागण्यासाठी त्याने एकही अर्ज केलेला नव्हता.

हेच १९६२ मध्ये पुन्हा घडले. शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात झाले, डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू. आरंभी ३४ महाविद्यालये या विद्यापीठाकडे आली आणि त्यांत सातारा-सांगलीची महाविद्यालये होती. उद्घाटनाची तारीख पाहावी : शैक्षणिक वर्षाचा मध्य, पावसाळा संपून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना भर आलेला. एका शैक्षणिक वर्षात एका विद्यार्थ्याने एकाहून अधिक विद्यापीठांचे प्रतिनिधित्व करू नये, असा आंतरविद्यापीठीय स्पर्धांचा नियम आहे. नियमाच्या वाक्यात कर्ता विद्यार्थी आहे. विद्यापीठ हा कर्ता होऊन तेच विद्यार्थ्याला सोडून जाऊ शकते, ही शक्यता त्या वाक्याच्या रचनेत बसत नाही.

मात्र १९६२ च्या बदलाने एक हितही साधले आणि ते नोंदविणे न्याय्य होईल. सातारचा किंवा सांगलीचा पदवीधर आता एम. ए. किंवा एम. एस्सी.साठी कोल्हापूरला गेला तर तो विद्यापीठ बदलत नव्हता. स्थलांतर प्रमाणपत्र नको, परविद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून पात्रतेची नवी तपासणी नको. विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी विभाग पाडले. पदवीधराचा विभाग बदले, विद्यापीठ तेच राही. अमेरिकेने २००६ मध्ये नियम करून जे दिले, ते येथे भूगोलाने आपोआप दिले. त्याआधीच्या पिढ्यांतील पदवीधराला हे सुख नव्हते असेही सरसकट म्हणता येत नाही, कारण मुंबई विद्यापीठाचा विस्तारच एवढा होता की पुणे, कोल्हापूर, सांगली सारे एकाच छत्राखाली येत. छत्रे लहान होत गेली तसतसा पदवीधराचा मार्ग अधिकाधिक सीमा ओलांडू लागला, हा या इतिहासातील मुख्य प्रवाह होय.

येथे खाशाबा जाधव यांचा विचार करणे अवश्य आहे. कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि महाविद्यालयासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. कराडला तोवर महाविद्यालय नव्हते, हे वर आलेच आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धांत नाव द्यावयास ते गेले तेव्हा त्यांची किरकोळ शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला व प्राचार्य खर्डीकरांनी परवानगी दिली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पात्रतेचा हा सर्वांत जुना प्रकार : नजरेने ठरविलेली पात्रता. पुढे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी सहावे स्थान मिळविले आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो वजनगटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीच्या प्रवासासाठी याच प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

आता आजचा नियम या उदाहरणास लावून पाहावा. १९२५ मध्ये स्थापन झालेले आंतरविद्यापीठ मंडळ १९७३ पासून भारतीय विद्यापीठ संघ या नावाने ओळखले जाते आणि आंतरविद्यापीठीय स्पर्धांचे पात्रतानियम हा संघ ठरवितो. त्यांचा गाभा असा : खेळाडू पूर्णवेळ विद्यार्थी असावा; तो पूर्णवेळ नोकरीत नसावा; शैक्षणिक वर्षाच्या १ जुलै रोजी त्याचे वय २५ वर्षांहून अधिक नसावे; पदवी अभ्यासक्रमास प्रथम प्रवेश देणारी परीक्षा उत्तीर्ण होऊन ८ वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा; आणि प्रवेश तात्पुरता असून चालणार नाही. १ जुलै १९५२ रोजी खाशाबांचे वय २६ वर्षे पुरी होऊन वर पाच महिने भरले होते. त्या महिन्यात जगातील तिसऱ्या क्रमांकाचा मल्ल ठरलेला मनुष्य आजच्या नियमाने आपल्या विद्यापीठाकडून कुस्ती खेळण्यास अपात्र ठरला असता. यात नियमाची निंदा नाही. वयोमर्यादा नसती तर विद्यापीठांच्या संघांत वर्षानुवर्षे तेच चेहरे दिसले असते. पण खेड्यातील मुलाच्या शाळेला उशिरा आरंभ होतो, मध्ये शेती, आजार, पैशाची ओढाताण यांनी वर्षे जातात, आणि त्याची किंमत त्याला पदवीनंतरच्या दोन वर्षांत मोजावी लागते, हे नियम करणाराने विसरू नये. कचेरीच्या भाषेत त्या गेलेल्या वर्षाला 'गॅप' म्हणतात व त्याचेही प्रमाणपत्र मागतात.

नोकरीविषयीचे कलम सातारच्या संदर्भात अधिक खोल जाते. भाऊरावांच्या 'कमवा आणि शिका' योजनेतील विद्यार्थी अंगमेहनत करून शिकत. त्याला कोणी मजूर म्हटले नाही, आणि त्याच्या विद्यार्थिदशेविषयी कोणी शंका घेतली नाही. कष्ट शिक्षणासाठी होते, एवढे उत्तर पुरेसे होते. अमेरिकेत नेमके उलट घडले : खेळाडूला शिष्यवृत्ती द्यावयाची, त्याच्या श्रमावर लक्षावधी डॉलरांची प्रेक्षागृहे भरावयाची, आणि तो कामगार नाही हे सिद्ध करण्यासाठी नवा शब्द घडवावयाचा. तेथील पदवीधर खेळाडूच्या स्थलांतराला जी धार आली ती या विसंगतीमुळे. आपल्याकडील पदवीधर खेळाडूच्या मागे प्रेक्षागृह नव्हते.

तरीही आपल्याकडे सारे निर्मळ होते असा याचा अर्थ करू नये. खेळासाठी, निवडणुकीसाठी, वसतिगृहातील खोलीसाठी पदवीनंतर लॉ कॉलेजला नाव घालून ठेवण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. कायद्याची पदवी पदवीनंतर घ्यावयाची असे. वर्ग सकाळचे किंवा सायंकाळचे, मधला दिवस मोकळा. 'काय करतोस?' या प्रश्नास 'लॉ करतो' हे उत्तर सांगली-सातारकडे किती अर्थांनी दिले जाते हे जाणकारांस सांगावयास नको. योस्ट हाही कायद्याचाच विद्यार्थी होता हा योगायोग असेल. परंतु पदवीधराच्या विद्यार्थिदशेचा संशय दोन्ही देशांत कायद्याच्या वर्गाशी येऊन थांबावा, यात काही अर्थ असला पाहिजे. ज्या अभ्यासक्रमात हजेरी सैल, तेथे सद्भावाचा कागद सर्वांत सुलभ.

एक बदल मात्र कोणाच्या फारसा ध्यानात राहिलेला नाही. १९७५ नंतर महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना आली. त्यापूर्वी अकरावीची शालान्त परीक्षा झालेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सरळ महाविद्यालयाचा, आणि म्हणून विद्यापीठाचा, विद्यार्थी होई. नव्या रचनेत अकरावी-बारावीचे वर्ग त्याच इमारतीत राहिले, पण विद्यापीठाच्या कक्षेबाहेर गेले. त्यांतील खेळाडू शालेय स्पर्धांत गणला जाऊ लागला. विद्यापीठाच्या मैदानावरील आयुष्य अशा रीतीने खालच्या टोकाने कापले गेले. साहजिकच वरचे टोक, म्हणजे पदवीनंतरची दोन वर्षे, खेळाडूच्या दृष्टीने पूर्वीपेक्षा मोलाची झाली. खो-खो, कबड्डी, कुस्ती यांसारख्या खेळांत शरीर व समज यांचा मेळ बसतो तो बहुधा याच वयात. आणि याच वयात तो एका संस्थेचा दाखला घेऊन दुसरीच्या दारात उभा असतो.

त्या दारात काय होते ते पाहण्यासारखे आहे. 'पात्रता' हा एकच शब्द विद्यापीठात दोन कचेऱ्यांत वापरला जातो. एक पात्रता अभ्यासाची : परविद्यापीठातून आलेल्याची पदवी व गुणपत्रिका तपासून, मूळ विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र घेऊन ती दिली जाते. दुसरी पात्रता खेळाची, आणि ती पहिलीवर उभी असते, कारण तात्पुरता प्रवेश खेळास पुरत नाही. पदवीचा निकाल लांबला, स्थलांतर प्रमाणपत्र अडकले, तर अभ्यास सुरू होतो, वर्ग भरतात, पण संघनिवडीचा दिवस निघून जातो. अमेरिकेने १९०६ मध्ये जे वर्ष उघडपणे, नियम लिहून, खेळाडूकडून काढून घेतले, ते येथे कोणी न ठरविता फायलीत जाते. दोहोंपैकी उघड निर्बंध मला अधिक सोसण्यासारखा वाटतो. त्याच्याविरुद्ध निदान वाद घालता येतो.

अलीकडे चित्र पुन्हा पालटत आहे. २००४ मध्ये सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि शिवाजी विद्यापीठाचा एक जिल्हा कमी झाला. कराड, पुणे येथे अभिमत विद्यापीठे उभी राहिली. उत्तरेकडील खाजगी विद्यापीठे खेळाडूंना शुल्कमाफी देऊन बोलावू लागली. आंतरविद्यापीठीय क्रीडेतील सर्वोच्च असा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक २०२४ साठी चंदीगड युनिव्हर्सिटी या खाजगी विद्यापीठास मिळाला. खेळासाठी विद्यापीठ बदलणारा, शब्दशः अमेरिकन अर्थाचा पदवीधर खेळाडू आता आपल्याकडेही दिसणार. त्याच्यासाठी वास्तव्याचे वर्ष सक्तीचे करावे, अशी मागणी कधीतरी होईल. ती झाल्यास त्या नियमाचा फटका शुल्कमाफी घेऊन दूर गेलेल्याच्या बरोबरीने, जवळच्या गावी एम. ए.ला जाणाऱ्यालाही बसेल, हे तिचा विचार करणारांनी आधी पाहावे.

कारण जवळच्या गावाची व्याख्याच बदलली आहे. २०२० नंतरच्या वर्षांत सातारा येथे रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापन झाले. १९४७ मध्ये मुंबईशी संलग्न होऊन निघालेले, नंतर पुण्याकडे व १९६२ मध्ये कोल्हापूरकडे गेलेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय त्याचे एक घटक आहे. म्हणजे पाऊणशे वर्षांत एकाच महाविद्यालयाचे हे चौथे विद्यापीठ. सुमारे साठ वर्षे या महाविद्यालयाचा पदवीधर कोल्हापूरला एम. ए.साठी जाई तेव्हा तो विद्यापीठाच्या एका विभागातून दुसऱ्यात जात होता. समूह विद्यापीठाची पदवी घेतलेला विद्यार्थी त्याच महामार्गाने त्याच गावी जाईल तेव्हा तो परविद्यापीठाचा असेल, आणि संघनिवडीपूर्वी त्याला सातारहून स्थलांतर प्रमाणपत्र आणावे लागेल.